विकरांचे कुलूप आणि फवारणीचे औषध



शिवारफेरीत किंवा मेळाव्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत हमखास विचारला जातो. "सर, आमचा गडी पंधरा दिवसांपासून फवारतोय, काही झालं नाही. त्या दिवशी औषध तेच, मात्रा तीच, पंपही नेहमीपेक्षा दोन कमीच मारले. मग त्याच दिवशी तो कसा पडला?" ऊन लागले असेल, उपाशी असेल, अशी उत्तरे देऊन वेळ मारून नेता येते. ऊन व उपवास यांचा वाटा असतोही. परंतु खरे उत्तर त्या गड्याच्या शरीरातील एका विकरात आहे, आणि ते समजण्यासाठी विकर म्हणजे काय व त्याचे काम कशाने बंद पडते हे आधी पाहावे लागेल. मी कृषिविद्या शिकवतो, डॉक्टर नाही. पण तणनाशक, वैरण, सोयाबीनची पेंड आणि कीटकनाशक या चारही ठिकाणी मला हाच एक विषय भेटतो, म्हणून तो सलग मांडत आहे.

विकर म्हणजे काय ?

विकर म्हणजे एन्झाइम. सजीवांच्या शरीरात जे जे रासायनिक बदल होतात ते घडवून आणणारी ही प्रथिने होत. विकर स्वतः खर्ची पडत नाही. एक काम उरकले की तोच रेणू पुढच्या कामाला लागतो. म्हणून फार थोडे विकर पुष्कळ काम करते.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, हे विकराचेच काम. घरी बायका चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकतात. त्यामुळे हवा तर कमी लागतेच, शिवाय मीठ त्या विकराला अडवते. ओल्या जमिनीवर युरिया फेकून तो मातीआड केला नाही की अमोनियाचा वास येतो. तेथे युरियाचे विघटन करणारे विकर युरिएज हे होय. अमेरिकेतील जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांपासून हेच युरिएज स्फटिकरूपात वेगळे काढले. विकर हे प्रथिन असते याचा तो पहिला पुरावा. किशोरवयातील अपघातात त्यांचा एक हात गेला होता. नऊ वर्षे एका हाताने प्रयोगशाळेत काम करून त्यांनी हे साधले, आणि १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विकराच्या रेणूला एक खाच असते. ज्या पदार्थावर काम करायचे तो पदार्थ या खाचेत बसतो, त्याचे रूपांतर होते आणि तो बाहेर पडतो. कुलूप आणि किल्ली यांसारखा हा मेळ असतो. या कामात अडथळा आणणाऱ्या पदार्थाला अवरोधक म्हणतात. काही अवरोधक खऱ्या किल्लीसारखे दिसतात व तिच्या जागी खाचेत जाऊन बसतात. अशा वेळी खरा पदार्थ भरपूर असला तर तो नकली किल्लीला बाजूला सारतो व काम पुन्हा चालू होते. काही अवरोधक खाचेत न जाता दुसरीकडेच चिकटतात व विकर निकामी करतात. तेथे खरा पदार्थ कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. तिसरे अवरोधक खाचेत शिरून तेथेच पक्के जोडले जातात, जणू कुलपात किल्ली मोडून अडकावी तसे. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची गोष्ट इतकीच, की कोणते विकर अडले आणि अडकलेली किल्ली निघते की निघत नाही.

सोयाबीन व ज्वारी

पिकांमध्येही अवरोधक असतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारा पदार्थ असतो. कोंबड्यांना कच्चे सोयाबीन भरडून दिले तर खाद्यात प्रथिने असूनही पिलांची वाढ होत नाही. हा अवरोधक स्वतः प्रथिन असल्याने उष्णतेने नष्ट होतो. म्हणून सोयाबीन भाजून किंवा उकडूनच वापरावे. पेंड पुरेशी तापवली गेली की नाही हे तपासताना कारखान्यात तिच्यातील युरिएज मोजतात, कारण तेवढ्याच उष्णतेला युरिएजही नष्ट होते. ज्या जनावरांच्या खुराकात युरिया आहे त्यांना कच्चे सोयाबीन मुळीच देऊ नये. त्यातील युरिएजमुळे पोटात एकदम अमोनिया सुटतो.

ज्वारीचे उदाहरण अधिक गंभीर आहे. पावसाने ताण दिला, पीक कोमेजले, आणि नंतर खोडव्याला कोवळे फुटवे आले की जनावरांना किराळ लागते. कोवळ्या ज्वारीच्या पानात धुरीन नावाचा पदार्थ असतो व त्याचे विघटन करणारे विकर त्याच पानात पण वेगळ्या जागी असते. जनावराने पान चावले की दोन्ही एकत्र येतात व हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. हे विष पेशींच्या श्वसनातील अगदी शेवटच्या विकराला अडवते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते, आणि तरीही ते गुदमरून पडते. सगळा प्रकार काही मिनिटांतही उरकतो.

तरीसुद्धा हे कुलूप सैल आहे. पशुवैद्यक शिरेतून सोडियम नायट्राइट देतात तेव्हा रक्तातील हिमोग्लोबिनच्या काही भागाचे असे रूप होते की ते सायनाइडला विकरावरून स्वतःकडे ओढून घेते. नंतर सोडियम थायोसल्फेट दिले की त्याचे कमी विषारी संयुग होऊन ते लघवीवाटे निघून जाते. वेळेवर सुई मिळालेले जनावर थोड्याच वेळात उठून उभे राहिलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. विकर शाबूत होते, फक्त अडलेले होते, म्हणून हे शक्य होते. मात्र वेळ हाताशी नसते. त्यामुळे फुलोऱ्यापूर्वीची, विशेषतः ताण पडलेली व भरपूर नत्र दिलेली ज्वारी हिरवी चारू नये, आणि भुकेले जनावर खोडव्यात सोडू नये. चारा नीट वाळला की हे विष पुष्कळ कमी होते. नुसता कोमेजलेला चारा मात्र तितकाच घातक समजावा.

तणनाशकाने पीक का मरत नाही ?

सोयाबीनमध्ये इमॅझेथापर फवारल्यावर आठवड्याने शेतकरी येतात आणि तण हिरवेच आहे, औषध बनावट आहे, अशी तक्रार करतात. बनावट औषधे बाजारात नाहीत असे नाही; परंतु पुष्कळदा औषध आपले काम करत असते. हे तणनाशक व्हॅलीन, ल्युसीन व आयसोल्युसीन ही तीन अमिनो आम्ले तयार करणारे विकर अडवते. तणाची वाढ लवकरच थांबते, पण साठा संपून ते पिवळे पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेच विकर सोयाबीनमध्येही आहे. सोयाबीन वाचते ते एवढ्यासाठी, की ते या रसायनाचे लवकर विघटन करते. माणसात व जनावरांत तर ही तीन आम्ले तयारच होत नाहीत, ती अन्नातून मिळतात. म्हणून तेथे अडवायला ते विकरच नाही. याचा अर्थ तणनाशक पिण्यासारखे आहे असा कोणी घेऊ नये, पण विषाचा नेम कोठे धरला आहे हे यावरून कळावे.

कीटकनाशकांच्या एका मोठ्या गटाचा नेम मात्र अशा विकरावर आहे जे अळीत आहे, बैलात आहे आणि आपल्यातही आहे.

कीड आणि माणूस, कुलूप एकच

मज्जातंतूकडून पुढच्या पेशीला निरोप जातो तेव्हा त्यांच्यामधील फटीत अ‍ॅसिटिलकोलिन हे द्रव्य सुटते. निरोप पोचला की ते लगेच नाहीसे व्हावे लागते, नाहीतर तोच निरोप पुनःपुन्हा वाजत राहील. ते नाहीसे करणारे विकर म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणूंचा निकाल लावतो.

क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, अ‍ॅसिफेट, प्रोफेनोफॉस, मॅलॅथिऑन, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके हेच विकर अडवतात. कार्बारिल, कार्बोसल्फान, थायोडिकार्ब ही कार्बामेट गटातील औषधेही तेच करतात. विकर अडले की अ‍ॅसिटिलकोलिन साचते, अळीचे मज्जातंतू अखंड पेटलेले राहतात, तिला थरथर सुटते व ती मरते. पिकाला मज्जातंतू नसल्याने पीक वाचते. माणसाला ते आहेत. त्यामुळे लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, दरदरून घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, उलटी-जुलाब होतात, दंडाचे व पापणीचे स्नायू आपोआप उडू लागतात, छाती कफाने भरते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हे कीटकनाशके शोधत असताना याच गटातील एक रसायन त्यांच्या हाती लागले, आणि पुढे त्याचा युद्धातील विषारी वायू झाला. एकच कुलूप असल्यावर असे व्हायचेच.

दोन्ही गटांत एक मोठा फरक आहे. कार्बामेट विकराला जोडले जाते पण स्वतःहून सुटते. साधारणपणे एका दिवसात विकर पूर्ववत होते. सेंद्रिय फॉस्फरसचे औषध विकराला फार घट्ट जोडले जाते, आणि काही काळाने त्या जोडात असा बदल होतो की मग तो कशानेच सुटत नाही. हा काळ काही औषधांत थोड्या तासांचा, तर काहींत एक-दीड दिवसाचा असतो. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात ते साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखते, विकर सोडवत नाही. विकर सोडवण्यासाठी पॅम हे वेगळे इंजेक्शन असते, पण ते जोड पक्का होण्यापूर्वीच लागू पडते. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. आपल्या हातात आहे ते पहिल्या काही तासांत रुग्णाला तेथे पोचवणे. (अ‍ॅट्रोपिनसारखी द्रव्ये धोत्र्यातही असतात हे कोणीतरी वाचलेले असते. त्यावरून धोत्र्याचा रस पाजण्याचा आगाऊपणा करू नये; एका विषात दुसऱ्याची भर पडते.)

मग गडी त्याच दिवशी का पडला ?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कायमचे अडलेले विकर शरीराला नव्यानेच तयार करावे लागते. तांबड्या रक्तपेशींवर हेच विकर असते व ते रक्ततपासणीत मोजता येते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या जाऊन नव्या येतील तसेच हे विकर भरून निघते, म्हणजे दिवसाला साधारण एक टक्का.

उदाहरणादाखल हिशेब करू. हंगामाच्या सुरुवातीला गड्याचे विकर १०० धरा. पहिल्या फवारणीत गळक्या पंपाने पाठ भिजली व ते ८० वर आले. त्याला काहीच जाणवले नाही. तीन दिवसांत ८३ झाले. दुसऱ्याच्या शेतावर फवारणी केली, ६५ वर आले. डोके जड झाले, भूक मंदावली, दमलो असेन असे तो म्हणाला. सहा दिवसांत ७१ झाले आणि पुन्हा फवारणी केली. या वेळी ते ५० च्या खाली गेले, आणि निम्म्याच्या आसपास आले की लक्षणे उघड दिसू लागतात. त्या दिवशीचे औषध खरोखरच नेहमीएवढे किंवा कमी होते. शिल्लक कमी होती, हे कोणाला दिसले नाही.

म्हणूनच कपाशीच्या भागात सर्वांत धोक्यात असतो तो शेतमालक नव्हे, तर रोजाने आज याच्या व उद्या त्याच्या वावरात पंप मारणारा मजूर. मालक हंगामात मोजक्याच फवारण्या पाहतो आणि "मीही फवारतो, मला काही होत नाही" असे सांगतो. ते त्याच्यापुरते खरे असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून नियमच आहे, की अशी औषधे सतत हाताळणाऱ्या मजुराची हंगामापूर्वी रक्ततपासणी करायची, आणि रक्तपेशींतील विकर त्याच्या स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्के किंवा त्याखाली आले की त्याला त्या कामावरून काढायचे. ८० टक्क्यांवर गेल्याशिवाय परत घ्यायचे नाही. मूळ पातळी माणसागणिक वेगळी असते, म्हणून हंगामापूर्वीची तपासणी महत्त्वाची. ज्या गावात पाच-सात जण दर हंगामात याच कामावर असतात तेथे तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलून जूनमध्ये एकदा हे रक्त तपासून ठेवावे, असे माझे मत आहे. बियाण्याच्या खर्चापुढे हा खर्च फार नाही.

एका टाकीत दोन-तीन औषधे

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, आणि टाकीत एकापेक्षा अधिक औषधे अशी परिस्थिती अनेक ठिकाणी होती.

मिश्रणाविषयी विकरांच्या भाषेत एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या यकृतात व रक्तात विषांचे विघटन करणारीही विकरे आहेत. मॅलॅथिऑन माणसाला तुलनेने कमी विषारी आहे ते याच विकरांमुळे. किडीत ती अपुरी पडतात. पण सेंद्रिय फॉस्फरस गटातील अनेक औषधे ही राखणदार विकरेही अडवतात. १९५७ सालीच अमेरिकेत दिसून आले होते की, मॅलॅथिऑनसोबत याच गटातील दुसरे एक औषध दिले तर प्राण्यांवरील विषारीपणा दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक होतो. सायपरमेथ्रिनसारख्या औषधांचे विघटनही अशाच विकरांवर अवलंबून असते. टाकीत आपण मनाने तिसरे औषध ओततो तेव्हा एक अधिक एक दोन होतीलच असे नाही.

पिकालाही हाच नियम लागू आहे. भातातील सावा मारणारे प्रोपॅनिल भाताला इजा करत नाही, कारण भातात त्याचे विघटन करणारे विकर आहे. परंतु त्याच सुमारास फॉस्फरस किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशक फवारले तर ते भाताचे विकर अडवते आणि तणाबरोबर भातही करपतो. म्हणून तणनाशक व कीटकनाशक एकाच पंपात मिसळण्याची सवय, शिफारस नसेल तर, सोडावी. मजुरी वाचते हे मला मान्य आहे.

कीड मरत नाही म्हणून मात्रा दुप्पट करण्याचेही असेच. वारंवार एकच गट वापरल्याने ज्यांच्या विकराची खाच थोडी बदललेली आहे अशाच किडी मागे उरतात. त्यांच्या कुलपात ही किल्ली नीट बसतच नाही. फवारणाऱ्याचे कुलूप मात्र पूर्वीचेच असते, त्यामुळे दुप्पट मात्रा किडीपेक्षा त्यालाच अधिक लागते. अशा वेळी औषधाचा गट बदलावा, मात्रा नव्हे.

प्रत्यक्षात काय करावे ?

या गटातील बरीच औषधे आता बंद आहेत. २०१८ च्या केंद्र शासनाच्या आदेशाने डायक्लोरव्हॉस, फोरेट, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस व ट्रायक्लोरफॉन यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. जुनी बाटली किंवा पुडा घरात पडून असेल तर तो वापरू नये. औषध घेताना डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा.

शरीरात औषध नाकातोंडापेक्षा कातडीतून अधिक जाते, आणि घामेजलेल्या कातडीतून तर आणखी. त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून गळका पंप पाठीवर घेण्यात अर्थ नाही. आधी पंपाचा वायसर बदलावा. औषध मोजताना व मिसळताना ते दाट असते, तेव्हा हातमोजे सर्वांत जरूरीचे. वाऱ्याच्या दिशेने, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारावे. डोक्याएवढ्या पिकात पुढे फवारत त्यातूनच चालत जाऊ नये. एकाच माणसाला रोज पंप देऊ नये, पाळी लावावी. भिजलेले कपडे त्या दिवसभर अंगावर ठेवू नयेत, ते घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. धुणारीच्या हातातही तेच विकर आहे.

वर सांगितलेली लक्षणे दिसताच माणसाला शिवारातून बाहेर काढावे, कपडे उतरवून साबण व भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवावीत. हे करणाऱ्यानेही हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी. दूध-तूप पाजण्यात किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही देऊ नये, कुशीवर झोपवून १०८ ची गाडी बोलवावी.

आणि औषधाचा डबा, निदान त्यावरील लेबल, सोबत न्यावे. मिश्रण असेल तर सगळ्यांचे. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल किंवा सायपरमेथ्रिन यांचा नेम या विकरावर नाही, त्यामुळे त्यांच्या विषबाधेवरील उपचार वेगळे आहेत. कार्बामेटमध्ये रक्त तपासेपर्यंत विकर सुटलेलेही असू शकते आणि अहवाल चांगला येतो. टाकीत काय होते हे डॉक्टरांना दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे व ते डब्याच्या झाकणाला रबर लावून तेथेच ठेवावे. घाईच्या वेळी ते कपाटात शोधावे लागत नाही.